सासऱ्यांच्या डब्यातले पॅच : स्क्वाड्रनच्या जुन्या पॅचचा काळ ठरवताना

माझे सासरे १९६८ पासून निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, म्हणजे एच.ए.एल.मध्ये, विमानाच्या सांगाड्याच्या विभागात काम करत होते. मिग-२१ बनवण्यासाठी १९६४ मध्ये हा कारखाना उभा राहिला आणि तयार विमान ताब्यात घ्यायला वायुसेनेची माणसे तिथे नेहमी येत. त्यांच्याकडून, बदलीवर गेलेल्या मित्रांकडून आणि देवळाली कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून सासऱ्यांनी स्क्वाड्रनचे, म्हणजे वायुसेनेच्या तुकड्यांचे, गणवेशावर लावायचे कापडी पॅच जमवले. ते गेले तेव्हा पत्र्याच्या डब्यात चाळीसच्या आसपास पॅच होते. कशावरही तारीख नव्हती, आणि दोन-चार अपवाद सोडले तर कोणाकडून मिळाले याची नोंदही नव्हती.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झाले आणि त्यानंतर घरात या डब्याचा विषय निघाला. विकण्याचा विचार आम्ही केला नाही. एका संग्रहालयाला ऑक्टोबरमध्ये पत्र लिहिले. पंधरवड्याने आलेल्या उत्तरात वस्तू स्वीकारण्याची तयारी होती, पण सोबत तीन मागण्या होत्या : प्रत्येक पॅचचा अंदाजे काळ आणि तो कशावरून ठरवला याची नोंद, वस्तू आमच्या कुटुंबाकडे कशी आली याचे निवेदन, आणि सर्व वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र. पत्र वाचून छातीत धडकी भरली, कारण मी बँकेत नोकरी केलेली, आणि कापड, धागा किंवा लष्करी चिन्हे यांतले मला काहीच कळत नव्हते. ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांना थोडी वाट दिसावी म्हणून पुढचे सगळे क्रमाने लिहीत आहे.

पहिले काम छायाचित्रांचे. दिवाळीच्या सुट्टीत मुलाने प्रत्येक पॅचची पुढची आणि मागची बाजू, शेजारी मोजपट्टी ठेवून, खिडकीच्या उजेडात टिपली. क्रमांक पॅचवर न लिहिता ज्या पाकिटात पॅच ठेवला त्यावर शिसपेन्सिलीने लिहिला. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे : जुना पॅच धुऊ नये, इस्त्री करू नये, त्याला चिकटलेले धाग्यांचे तुकडेही काढू नयेत. गणवेशावर शिवल्याची सुईची भोके, त्या शिलाईचा उरलेला धागा, मागच्या बाजूला गणवेशाच्या कापडाचा उतरलेला रंग आणि शिलाईखाली झाकल्यामुळे न विटलेली कडेची पट्टी हे सगळे वापराचे पुरावे आहेत, आणि एका धुण्यात ते जातात. घरातल्या हौशी हातांना आवरणे हे त्या आठवड्यातले सर्वांत अवघड काम होते. पीव्हीसी प्लास्टिकचा अल्बमही टाळावा, कारण ते कालांतराने चिकट होते आणि धाग्याला लागते. आम्ही आम्लरहित कागदाची पाकिटे मागवली, त्याला साडेसहाशे रुपये लागले. दहापट मोठे दाखवणारे भिंग चारशेला आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च नऊशेला पडला. टॉर्च घेताना हा आकडा नक्की पाहावा. बाजारात ३९५चे टॉर्च स्वस्त मिळतात, पण त्यांचा जांभळा उजेडच इतका पडतो की धागा स्वतः चमकतो आहे की नुसता उजळला आहे, हे कळत नाही.

त्यानंतर चित्राकडे वळलो. पॅचवर जे काढले आहे त्यावरून त्याचा काळ एका बाजूने तरी बांधता येतो, कारण जी गोष्ट अस्तित्वातच आली नव्हती ती आधीच्या पॅचवर असू शकत नाही. वायुसेनेची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १९४५ मध्ये तिच्या नावामागे 'रॉयल' लागले आणि २६ जानेवारी १९५० ला ते गेले. म्हणून इंग्रजीत 'आर.आय.ए.एफ.' ही अक्षरे असतील, तर नमुना या पाच वर्षांतला. मुकुट गेला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, हीही तशीच खूण. ब्रिटिश पॅच असेल तर मुकुटाचा आकार पाहावा : १९५३ नंतर राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात, त्याआधीच्या राजाच्या मुकुटाच्या कमानी वर गोलाकार चढलेल्या असतात.

विमानाची आकृती याहून जास्त बोलते. आमच्याकडच्या एका पॅचवर 'बॅटल ॲक्सेस' हे सात क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नाव आणि त्रिकोणी पंखांचे विमान होते. घरातले सगळे त्याला मिग-२१ म्हणत होते. भिंगातून पाहिल्यावर शेपटीपाशी आडवे पंख दिसेनात. मिग-२१ला ते असतात, मिराज २००० ला नसतात. मिराज भारतात १९८५ मध्ये आले आणि ते सात क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडेही गेले, त्यामुळे हा पॅच त्याआधीचा असणे शक्यच नाही. याच रीतीने 'गोल्डन ॲरोज'च्या पॅचवर राफेल असेल तर तो २०१९ नंतरचा धरावा, कारण सतरा क्रमांकाची ही स्क्वाड्रन राफेलसाठी त्या वर्षी पुन्हा उभी राहिली. स्क्वाड्रन काही काळ बंद ठेवण्याला वायुसेनेत 'नंबरप्लेट करणे' म्हणतात. बंद काळातले विमान त्या स्क्वाड्रनच्या पॅचवर दिसले, तर लगेच शंका घ्यावी.

मिग-२१च्या पॅचसाठी मी नोव्हेंबरमध्ये सासऱ्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यांकडे ओझरला गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येते, पण नजर शाबूत आहे. कारखान्यात मिग-२१च्या प्रकारांना आकड्यांनी ओळखत : एफएल म्हणजे टाईप ७७, एम म्हणजे टाईप ९६ आणि बिस म्हणजे टाईप ७५. अण्णांनी एक पॅच हातात घेतला, विमानाच्या पाठीवरून नख फिरवले आणि म्हणाले, "सूनबाई, हे सत्त्याहत्तर नव्हे. पाठ बघ किती जाड आहे. सत्त्याहत्तरची पाठ सडपातळ होती, ही बिसची पाठ आहे." बिस वायुसेनेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले, म्हणजे ज्या पॅचला आम्ही १९७१ च्या युद्धातला समजत होतो तो निदान पाच-सहा वर्षांनी नंतरचा ठरला. अण्णांनी आणखी काही पॅच ओळखले आणि त्यांतले दोन कोणाच्या हातून आले तेही सांगितले. त्यांचे सांगणे मी त्याच दिवशी लिहून काढले, वाचून दाखवले आणि खाली तारखेसह त्यांची सही घेतली. पुढे संग्रहालयाने सर्वांत जास्त वजन याच कागदाला दिले. जाणकार माणूस हयात असेल तर यंत्रे आणि दिवे नंतर, आधी त्याच्याकडे जावे.

चित्रावरून 'याच्या आधी नाही' एवढेच ठरते. पन्नास वर्षांपूर्वीचा नमुना कोणी गेल्या वर्षी भरून घेतला असेल तर चित्र ते सांगत नाही. त्यासाठी पॅच उलटा करावा लागतो. जुन्या नाशकात भरतकाम करणारे एक वयस्कर कारागीर आहेत, त्यांना आम्ही चाचा म्हणतो. त्यांच्या दुकानात दोन हातमशिनी आहेत आणि मुलाने घेतलेले कॉम्प्युटर मशीनही आहे, त्यामुळे फरक तिथेच समोरासमोर पाहता आला. हातमशिनीवर कारागीर कापड स्वतः फिरवतो. एकच अक्षर दोनदा आले तर दोन्ही वेळा ते किंचित वेगळे उमटते, टाक्यांची घनता वळणावर बदलते, मागच्या बाजूला धागा एका आकृतीतून दुसरीत ओढत नेलेला दिसतो आणि गाठी अनियमित असतात. कॉम्प्युटर मशीनवर दोन्ही अक्षरे टाक्याला टाका जुळतात, आणि मागे प्रत्येक भरीव पट्टीच्या मधोमध बॉबिनच्या पांढऱ्या धाग्याची एकसारखी रेघ धावते. चाचांनी माझ्या डोळ्यांदेखत नवा पॅच काढून उलटा केला आणि डब्यातल्या एका 'जुन्या' पॅचशेजारी ठेवला. दोन्हींच्या पाठीवर तीच पांढरी रेघ होती. अशी मशिने जगभर १९८० च्या दशकापासून पसरली, आपल्याकडच्या छोट्या दुकानांत तर त्यानंतर. तो पॅच १९६५ च्या युद्धाच्या यादीतून तिथल्या तिथे काढला.

कडेकडेही त्यांनी लक्ष वेधले. जुन्या पॅचची कड बहुधा कापलेली असते, किंवा साध्या टाक्याने बंद केलेली असते. जाड गोल दोरीसारखी ओव्हरलॉक कड नंतरच्या काळात सर्रास दिसू लागली. पाठीला जाळीचे कापड किंवा खळ लावलेले बकरम असेल तर ते जुन्या पद्धतीशी जुळते, तर इस्त्रीने चिकटणारा प्लास्टिकचा थर आधुनिक. वेल्क्रोचे पेटंट १९५५ चे आहे, पण पॅचला वेल्क्रो लावलेला असणे एवढ्यावरून पॅच नवा ठरवू नये. जुन्या पॅचला मागाहून वेल्क्रो शिवलेला आमच्याकडेच सापडला, आणि त्याखाली आधीच्या शिलाईची भोके शाबूत होती.

अतिनील टॉर्चचे काम आम्ही डिसेंबरमध्ये, रात्री दिवे घालवून केले. कापड अधिक शुभ्र दिसावे म्हणून धाग्यात आणि साबणात जी चमकवणारी रसायने घालतात ती दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू रूढ झाली, आणि अतिनील प्रकाशात ती निळसर पांढरी उजळतात. महायुद्धातला म्हणून दाखवलेला पॅच तसा उजळला तर प्रश्न विचारावा लागतो. पण या चाचणीला दोन मर्यादा आहेत, आणि विक्रेते त्या सोयीने विसरतात. खरा जुना पॅच पुढे कधी आधुनिक पावडरीत धुतला असेल तरी तो सगळीकडे सारखा उजळतो. आणि न उजळणारा धागा आजही मिळतो, त्यामुळे अंधार म्हणजे जुनेपणाचा दाखला नव्हे. फक्त ठरावीक रंगाचेच धागे गाभ्यापर्यंत उजळत असतील तर ते धागेच नवे, असे समजायला जागा आहे.

धागा जाळून पाहण्याची चाचणी अनेकांना ठाऊक असते. पाठीमागे सुटलेल्या टोकाचा अगदी तीळभर तुकडा चिमट्यात धरून जाळायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. रेशीम आणि लोकर यांना जळक्या केसांचा वास येतो. पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो. पॉलिस्टरचा शोध ब्रिटनमध्ये १९४१ चा आणि सर्वसाधारण वापर १९५० च्या दशकापासूनचा, त्यामुळे महायुद्धातल्या पॅचवर काळा मणी मिळाला की पुढे चर्चा उरत नाही. पॅचला सुटे टोक नसेल तर ही चाचणी करू नये. त्यासाठी टाका उसवणे योग्य नाही. जुनेपणा आणण्यासाठी चहाच्या पाण्यात बुडवलेले पॅचही असतात. त्यांचा तपकिरी रंग घडीच्या आतपर्यंत आणि शिलाईखालीही एकसारखा उतरलेला असतो. खरे विटणे मात्र उन्हाच्या बाजूने होते.

राहिले जरीचे पॅच, आणि त्यांनीच सर्वांत जास्त वेळ घेतला. असे दोन होते. एक म्हणजे मुकुट आणि आर.आय.ए.एफ. अक्षरे असलेले, जरीने भरलेले पायलटचे पंख, म्हणजे वैमानिकाच्या गणवेशावरचे पंखांच्या आकाराचे चिन्ह. दुसरा म्हणजे अमेरिकी सैन्याच्या चीन-ब्रह्मदेश-भारत विभागाचा ढालीच्या आकाराचा पॅच : खाली लाल-पांढरे उभे पट्टे, वर निळ्यावर एका बाजूला चीनचा सूर्य आणि दुसऱ्या बाजूला पांढरा तारा. हा विभाग १९४२ ते ऑक्टोबर १९४४ एवढाच टिकला. त्याचे पॅच अमेरिकी सैनिक इथल्याच शिंप्यांकडून आणि जरीकाम करणाऱ्यांकडून करवून घेत, त्यामुळे पट्टे वाकडे असणे किंवा तारा एका बाजूला झुकणे हा या पॅचचा दोष नाही, उलट अपेक्षित गुण आहे.

जरीसाठी नाशिककरांना लांब जावे लागत नाही. जानेवारीत मी दोन्ही पॅच घेऊन येवल्याला एका पैठणी विणणाऱ्या कुटुंबाकडे गेले. तिथल्या आजींनी भिंगही मागितले नाही. अस्सल जरीत रेशमाच्या गाभ्याभोवती चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा असतो, टेस्टेड जरीत तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली असते आणि प्लास्टिक जर म्हणजे धातूचा थर दिलेली पॉलिस्टरची पट्टी, हे त्यांनी आपल्या घरातले तीन नमुने पुढ्यात ठेवून दाखवले. पंखांची जर त्यांनी बोटांनी हलकेच दाबली. ती दबून पुन्हा उभी राहिली, आणि इतक्या वर्षांत काळवंडल्याची खूण कुठे नव्हती. "ही प्लास्टिकची," एवढेच त्या म्हणाल्या. अमेरिकी पॅचची जर दाबल्यावर तशीच राहिली. टाक्यांच्या खोबणीत ती जवळजवळ काळी पडली होती आणि वर, जिथे बाही घासली जात असेल तिथे, फिकट सोनेरी उरली होती.

नुसत्या बोटांच्या साक्षीवर नोंद करणे योग्य वाटले नाही, म्हणून त्याच आठवड्यात सराफ बाजार गाठला. टंच काढून देणाऱ्या दुकानांत आता एक्स-रेचे यंत्र असते, आणि त्यात वस्तूला ओरखडाही न पडता धातू कळतात. कापडी पॅच पाहून पहिल्या दुकानाने नकार दिला. दुसऱ्याने एका वाचनाचे शंभर रुपये सांगितले आणि छापील पावतीही दिली. अमेरिकी पॅचमध्ये चांदी आणि तांबे दोन्ही मिळाले, पंखांमध्ये चांदी मिळाली नाही. पावतीवरच्या टक्केवारीवर मात्र विसंबू नये. किरणे बारीक तारेतून पार जाऊन गाभा आणि कापडही मोजतात, म्हणून 'कोणते धातू आहेत' एवढेच उत्तर धरावे. पंखांची नोंद मी अशी केली : नमुना १९४५ ते १९५० चा, वस्तू त्यानंतरच्या काळातली प्रतिकृती. ते वाचून माझ्या पतींना वाईट वाटले, कारण ते पंख त्यांच्या वडिलांना फार प्रिय होते. पण यादीत जसे आहे तसेच लिहायचे हे आम्ही दोघांनी आधीच ठरवले होते.

या सगळ्याच्या बरोबरीने एक सरकारी वाट चालू होती. तीन स्क्वाड्रनांच्या चिन्हांना मान्यता कधी मिळाली हे विचारण्यासाठी मी डिसेंबरच्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज एका कार्यालयातून दुसरीकडे वर्ग झाला आणि मुदत संपतासंपता 'माहिती या स्वरूपात ठेवलेली नाही' असे उत्तर आले. पहिले अपील तीस दिवसांत करता येते आणि केंद्राच्या कार्यालयांसाठी त्याला शुल्क नाही. अपिलात मी प्रश्न लहान केला : चिन्हाची मान्यता सोडून फक्त स्क्वाड्रन कोणत्या वर्षी स्थापन झाली आणि नंबरप्लेट झाली का, एवढेच विचारले. मार्चमध्ये दोन स्क्वाड्रनांबद्दल उत्तर मिळाले. सध्याचे ठिकाण, विमानांची संख्या असे काही विचारू नये. संरक्षणाच्या कलमाखाली नकार येतो आणि त्यासोबत साध्या प्रश्नाचे उत्तरही अडकते.

कागदपत्रांचे काम त्या मानाने लवकर उरकले. प्रतिज्ञापत्रासाठीचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरावरून पाचशे रुपये झाले आहे, हे लक्षात ठेवावे. पुण्यातल्या नणंदेची सही मिळायला तेवढा वेळ गेला. पॅच घरी ठेवण्याला परवाना लागतो का, ही शंका अनेकांनी विचारली. शंभर वर्षे न झालेली अशी वस्तू पुरावशेष कायद्याच्या नोंदणीत येत नाही. मात्र सैनिक नसताना आपण सैनिक आहोत असे भासवण्यासाठी अशी चिन्हे अंगावर वागवणे हा गुन्हा आहे, म्हणून मुलांना जॅकेटवर लावायला देऊ नयेत.

एप्रिलमध्ये यादी दिली. प्रत्येक पॅचपुढे चार रकाने होते : चित्रावरून कळलेला काळ, पाठीवरून कळलेला काळ, धागा किंवा जर, आणि माणसाची साक्ष. चारही जिथे जुळले तिथे मी दशक लिहिले. जिथे जुळले नाहीत तिथे चारही रकाने तसेच ठेवून शेवटी 'अनिश्चित' लिहिले, आणि संग्रहालयाने अशी एकही नोंद परत पाठवली नाही. साहित्य, प्रवास, टंच आणि मुद्रांक मिळून खर्च साडेचार हजारांच्या आत राहिला. त्यांनी निम्म्याहून अधिक पॅच स्वीकारले, त्यांत अमेरिकी पॅच आणि अण्णांनी ओळखलेले सगळे आहेत. प्रतिकृती ठरलेले पंखही 'तुलनेसाठी' म्हणून त्यांनी मागून घेतले. अण्णांच्या निवेदनाची एक प्रत त्यांच्या नोंदवहीत लागली आहे, दुसरी मी ओझरला त्यांच्या हातात नेऊन दिली.